खडूने लिहिलेली तारीख

खाणीत स्फोट होऊन एकोणतीस माणसं गेली, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. चौकशीत सगळा ठपका गॅस तपासणाऱ्या जमादारावर आला. तो स्वतः त्या एकोणतिसांतलाच, त्यामुळे त्याची बाजू मांडायला कोणी नव्हतं.

त्याच्या बायकोने वस्ती सोडली नाही. "गेलो तर लोकांना खरंच वाटेल," असं ती लेकीला सांगायची. शिवणकाम करून तिने लेकीला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. वस्तीतल्या बायका कपडे शिवायला टाकायच्या, पण दारात रेंगाळायच्या नाहीत. समोरच्या वहिनी तर तिच्याकडे मान वळवूनही बघत नसत. त्यांचा नवरा आणि दीर एकाच दिवशी गेले होते.

एका मंगळवारी दुपारी खाणीचा सर्व्हेअर तिच्या दारात आला. हवेच्या नव्या वाटेसाठी त्यांनी जुना, बुजलेला बोगदा उघडला होता.

"काकू, तोंडाशीच एक कोनाडा आहे. ढिगाऱ्याखाली होता, म्हणून टिकला. आत तपासणीची पाटी सापडली. खडूने त्याच दिवसाची तारीख, पहाटेचे सव्वाचार, काकांची सही. खाली लिहिलंय, गॅस आहे, आत जाऊ नये. वाट अडवायला ठोकलेल्या फळ्याही तिथेच आहेत. कोणीतरी खिळे उपटून नीट रचून ठेवल्यात."

तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "मला बघायचंय."

"फोटो आणलाय ना."

"फोटो नको."

गुरुवारी तिला खाली नेलं. ती पहिल्यांदाच खाणीत उतरत होती. "एका बुटात माझे दोन्ही पाय मावतील," ती म्हणाली, तेव्हा दिवे वाटणारा माणूसही हसला.

पाटीसमोर दिवा धरून ती वाकली. घाईघाईतलं, शिरोरेघ अर्धवट सोडलेलं अक्षर. बोट लागून पुसलं जाईल म्हणून तिने हात पदराखाली घेतला.

"फळ्या कोणी काढल्या?"

"ते आता कळणं अवघड आहे. काम थांबू नये म्हणून वरूनच हुकूम आला असावा."

"हे सगळ्यात पुढच्या टोकाला सापडले होते. गॅस तपासला असता तर स्वतः आत गेले नसते, असं अहवालात धरलं."

"माणसांना परत बोलवायला गेले असणार, काकू."

तिने मान हलवली. "हे जाणारच."

वर आली तेव्हा फाटकाशी वहिनी उभ्या होत्या.

"त्यांचंच अक्षर?"

"हो."

वहिनी पुढे आल्या. "कोणावर तरी राग काढल्याशिवाय माझे दिवस जात नव्हते गं."

"मला कोणावर काढावा तेही कळत नव्हतं," ती म्हणाली. वहिनींनी तिचा दंड धरला आणि दोघी हळूहळू घरी आल्या.

चार महिन्यांनी अहवालातली ठपक्याची ओळ रद्द झाली. तसं पत्र घ्यायला दोघी बरोबर कचेरीत गेल्या. कारकुनाने वहिनींना विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीण," वहिनी म्हणाल्या, आणि बसायला दुसरी खुर्ची मागून घेतली.