छतातला जोड

मार्लीनने मेन स्विच पाडला, शिडीवर चढली आणि माहेरच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याची काच उतरवायला लागली. खाली तिचे वडील, वाइनो हार्यू, कॉफीचा मग धरून उभे होते. आठ दिवस तो बल्ब फडफडत होता आणि आठ दिवस त्यांच्या फोनवर तिला एकच नाव ऐकू येत होतं. डुएन. मार्लीनचा नवरा, स्वीडिश घराण्यातला, होड्या विकणारा. ऑक्टोबरात दिवा त्यानंच आणून बसवला होता.

"स्वीडिश माणसानं होड्या विकाव्यात," वाइनो म्हणाले. "आपण फिनिश लोक तारा बघू."

"बाबा, आधी उघडू तर द्या."

संशयाचं भूत एका मानगुटीवर थांबत नाही. लोखंडाच्या खाणीत वडील आणि ती, दोघांनी वायरमनचं काम केलेलं, त्यामुळे तिलाही वडिलांचंच खरं वाटू लागलं होतं. सकाळी तिनं डुएनला विचारलं होतं, "तू जोड नीट पिळले होतेस ना?" तो अंडी तशीच ताटात टाकून कामावर निघून गेला.

तिनं छतातल्या डब्यातून तारा खाली ओढल्या. जोडावरची, तारा एकत्र पिळून धरणारी प्लास्टिकची टोपी एका कडेनं वितळून काळी पडली होती. बोट लागताच पांढरी तार त्यातून निसटली. त्या सैल जागी ठिणग्या उडत होत्या, म्हणून बल्ब फडफडत होता. आणखी काही दिवसांनी छतही पेटलं असतं.

टोपीवर टेप होता. त्याचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढच्या माणसाला नखानं सोडवता यावं म्हणून. अख्ख्या खाणीत ही सवय एकाच माणसाची होती. मार्लीन ती त्याच्याकडूनच शिकली होती. डुएन तर टेप लावतच नसे.

"काय गं, काय दिसलं?"

"डुएननंतर हा डबा कोणी उघडला, बाबा?"

"मीच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं जेवण करून तुम्ही गेलात आणि मी सगळे जोड परत बांधले. त्याच्या भरवशावर झोपू होय? जोड पक्के आहेत. दोष त्याच्या त्या भिकार दिव्यात."

ती खाली उतरली आणि टोपी त्यांच्या तळहातावर ठेवली. वाइनोंनी ती उलटसुलट केली, टेपचं टोक पाहिलं. मग खिशातून नवी टोपी आणि तारेचे दोन तुकडे काढून ते जोड पिळू लागले. बोटं घसरली. पुन्हा पिळली, पुन्हा घसरली. मार्लीनला रडू आलं. ते दिसू नये म्हणून ती उगाच शिडी पुसत बसली.

शेवटी टोपी बाजूला ठेवून त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे निघालात?"

"चर्चमधल्या त्या म्हाताऱ्या ऐलीकडे. नाताळाआधी तिच्या घरातले सगळे दिवे मी बदललेत. एकटी असते ती." कोटाचं बटण त्यांना लागत नव्हतं, ते त्यांनी तसंच सोडलं. "तिथून चर्चच्या हॉलमध्ये. तिथलेही जोड माझेच. गाडी तू चालव."

"बरं."

दारापाशी ते थांबले. मागे न बघताच म्हणाले,

"वाटेत डुएनला घेऊ. त्याच्या बोटांत जोर आहे."