बरोबर चौदा किलो

मित्रांनो, माझ्या काट्याची थरथर अजून थांबलेली नाही. मी एक जुना ताणकाटा आहे. वर अडकवायला कडी, खाली सामान टांगायला हूक, मध्ये पितळी तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी कुणाला ग्रॅमभरही फसवले नाही. खरे वजन सांगितले की आपले काम संपले, अशी माझी ठाम समजूत होती. मला पाय नाहीत, म्हणून पायाखालची जमीन सरकली असे म्हणता येत नाही; पण मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मला जो धक्का बसला, त्याला दुसरे शब्द सापडत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझी स्प्रिंग शंभर वेळा ताणून पाहिली. माझ्या शेजारच्या दोन भावांची तबकडी एका रेघेने चुकली, तर त्यांना तिथल्या तिथे उचलून भंगारात टाकले. मी डोळे फाडून पाहतच राहिलो. तेव्हापासून चूक करायची नाही, एवढेच मला ठाऊक.

पास झाल्यावर मी एका पार्सल ऑफिसात नोकरीला लागलो. तीन नंबरच्या खिडकीवर नुकतेच लग्न झालेला एक कारकून बसत असे. लोक परदेशी पाठवायला काय काय आणत! पुस्तके, औषधे, लोकरी मोजे, एकदा तर एका बाईंनी नवऱ्याचे विसरलेले दात डबीत घालून आणले होते. कारकून प्रत्येक पार्सल माझ्या हुकाला लावी, वजन लिही आणि पत्ता मोठ्याने वाची. "हे तर पृथ्वीच्या पार बुडाशी की हो!" असे म्हणून तो क्षणभर खिडकीबाहेर बघत बसे. स्वतः तो शेजारच्या शहरापलीकडे कधी गेला नव्हता. मोठे साहेब मात्र माझ्यावर खूश असत. "या काट्याला तोंड असतं ना, तर कोर्टात साक्षीला नेला असता," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मीही फुशारून जात असे.

मग एके सकाळी ऑफिसात लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. तीस वर्षांची नोकरी, आणि मला कुणी 'येतो' म्हणायलाही वेळ दिला नाही. सरळ खणात टाकले. मी चार वर्षे शिक्के आणि सुतळीच्या गुंड्यांच्या सोबतीने काढली. कारकून निवृत्त झाला त्या दिवशी त्याने साहेबांकडे काय मागावे? "तो जुना काटा द्या मला." मला भरून आले, मित्रांनो. पण घरी आल्यावर त्याने मला स्वयंपाकघराच्या दारामागे टांगले आणि माझ्या हुकाला कांद्याची पिशवी अडकवली. दोन वर्षे मला शून्यावर यायची मुभा मिळाली नाही.

आता त्या कारकुनाला गल्लीत सगळे पार्सलकाका म्हणत. त्यांच्या बायको, आमच्या काकू, पुस्तक-बांधणीचे काम करीत. वाचनालयांची फाटकी पुस्तके त्यांच्याकडे येत आणि नवा पुठ्ठा, नवी शिवण लेवून परत जात. बाहेरच्या खोलीत सदा खळीचा वास असे. काकू बोलत कमी. हातात दाभण आणि दोरा असला की त्यांना बोलायची फारशी गरजही वाटत नसे.

एके दिवशी पार्सलकाकांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर जगाचा भला मोठा नकाशा लावला, त्यात अकरा टाचण्या टोचल्या आणि जाहीर केले, "अकरा देश, एकशे बासष्ट दिवस. जगाला फेरी मारायची."

काकूंनी खळीचे हात पदराला न पुसता तसेच धरले. "खरंच? आपण दोघं?"

"मग काय शेजाऱ्यांना नेऊ?"

काकूंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले ते मी दाराच्या फटीतून, कांद्याच्या पिशवीआडून पाहिले आहे. त्याच दुपारी त्यांनी प्रवासात लिहायला म्हणून एक कोरी वही शिवायला घेतली. दोनशे पाने, कापडी पाठ.

मलाही दारामागून बोलावणे आले. वाटेतल्या एका छोट्या विमानात माणशी फक्त चौदा किलो सामान चालणार होते. काकांनी मला खोबरेल तेलाचे बोट लावून बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगले. दर रविवारी सकाळी दोन्ही बॅगा भरायच्या आणि तोलायच्या, अशी रंगीत तालीम सुरू झाली.

पहिल्या रविवारी काकांची बॅग एकोणीस किलो भरली आणि काकूंची साडेअकरा.

"अगं, तुझ्यात अडीच किलो उरले की!" काका आनंदाने म्हणाले. त्यांचे पावसाळी बूट आणि सात प्रकारच्या प्लगांचा डबा काकूंच्या बॅगेत गेला. मला त्यात काही वावगे दिसले नाही.

पण काकांची खरेदी थांबेना. घडीचे स्टूल आले, कपडे वाळत घालायची दोरी आली, पाणी गाळायचे यंत्र आले, कागदपत्रांच्या झेरॉक्सचे चार संच आले. "एवढं तुझ्यात जातंय का बघ," असे ते म्हणत. जावे म्हणून काहीतरी बाहेर यावे लागे. काकूंच्या चालायच्या बुटांचा दुसरा जोड बाहेर आला, "एकात भागेल की." जाड स्वेटर बाहेर आला. रंगांची छोटी पेटी आली. एका रविवारी ती वहीही बाहेर आली.

"नऊशे ग्रॅम!" काका माझ्याकडे बघून म्हणाले. "वह्या काय तिकडे मिळत नाहीत?"

"मिळतात," काकू म्हणाल्या आणि वही कपाटात ठेवून आल्या.

मी काटा बरोबर चौदावर आणून उभा केला. काकांनी माझ्या तबकडीवर शाबासकीची टिचकी मारली. आणि मी मूर्ख, मित्रांनो, हुरळून गेलो! दर रविवारी काय बाहेर निघते आहे हे मी या डोळ्यांनी बघत होतो. पण बेरीज म्हणून केली नाही.

सतरावा रविवार उजाडला. निघायला चार दिवस राहिले होते. त्यांची लेक औषधांच्या दुकानात काम करते, ती सकाळीच आली. काकूंना डोळ्यांत रोज घालायचे थेंब लागतात, त्याच्या बाटल्या तिने आणल्या होत्या.

"आई, मीच ठेवते बॅगेत. म्हणजे तू विसरायची नाहीस."

"राहू दे गं टेबलावर," काकू घाईने म्हणाल्या.

तोवर लेकीने बॅगेची चेन उघडली होती. वरच पावसाळी बूट. त्याखाली दोरी. त्याखाली स्टूल, प्लगांचा डबा, पुरुषी रेनकोट, दाढीचे सामान, झेरॉक्स.

"आई, ही बाबांची बॅग आहे. तुझी कुठली?"

"हीच."

लेकीला वाटले आई थट्टा करते आहे. ती एकेक वस्तू काढून दिवाणावर ठेवू लागली. बॅगेचा तळ दिसला. त्यात काकूंचा एक रुमालसुद्धा नव्हता. काका हसायला गेले. "काहीतरी घोळ झालाय. परवा तर तुझे ते..." पण परवा बॅगेत काकूंचे काय होते, हे त्यांना आठवेना.

"घोळ नाही," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे तर मी जास्तच हादरलो. "तुमच्या दोन्ही बॅगा तयार आहेत. ही चौदा, ती चौदा. तुम्ही जाऊन या."

"जाऊन या म्हणजे? तू येत नाहीस?"

"मी कुठे मावते त्यात?"

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"पहिल्या रविवारी वाटलं, आता विचारतील. दुसऱ्या रविवारी वाटलं, आता तरी. सतरा रविवार झाले. मी इथे शेजारी उभी असायचे आणि तुम्ही दर वेळी काट्याकडे बघत होतात."

तिघांनीही माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, माझी स्प्रिंग तुटावी आणि मी खुंटीवरून खाली पडावे. छत्तीस वर्षे खरे सांगण्याचा केवढा तो तोरा! सतरा रविवार मी खरा आकडा सांगितला, आणि त्या आकड्याच्या आडोशाला एक अख्खे माणूस बॅगेतून नाहीसे झाले.

काका नकाशापुढे जाऊन उभे राहिले. कुठल्या देशात पार्सल किती दिवसांत पोचते हे त्यांना तोंडपाठ. पण पुढचे त्यांना ठाऊक नव्हते; ते त्यांनी फार हळू विचारले.

"तुला यातलं कुठलं बघायचंय?"

"हे आज विचारताय."

"हो. आज विचारतोय. चुकलंच माझं."

काकू दिवाणाच्या कडेला बसल्या. "मला बघायचं नाहीये हो, मला राहायचंय. अकरा देश पळत पळत नकोत. कुठल्याही एका गावात महिनाभर राहायचं. तिथल्या भाजीवालीनं मला ओळखून, 'आज उशीर झाला का?' असं विचारेपर्यंत."

काकांना हे छत्तीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हते. त्यांचा चेहरा पाहून मलाच त्यांची कणव आली. त्यांनी नकाशावरच्या टाचण्या एकेक करून काढायला घेतल्या. पाच काढल्या, सहा उरल्या.

"बाबा, तिकिटं काढलीत ना?" लेक म्हणाली.

"बदलू. तारीख पुढे जाईना का. हिचं गाव ठरल्याशिवाय निघायचं नाही."

"बघते," काकू म्हणाल्या. लगेच हो म्हटले नाही, आणि मला ते योग्यच वाटले.

पुढचे सात दिवस काका आपल्या वस्तू परत करीत हिंडत होते. स्टूल दुकानात गेले, दोरी शेजाऱ्यांकडे गेली. आपली एकच बॅग चौदात बसवताना त्यांना घाम फुटला. अठराव्या रविवारी काकूंनी नकाशावर आपले गाव दाखवले, आतल्या खोलीचे दार लावून घेतले आणि आपली बॅग भरली. आत काय आहे ते मला ठाऊक नाही, ठाऊक असायचे कारणही नाही. त्यांनी स्वतःच ती आणून माझ्या हुकाला लावली. मी आकडा सांगितला. साडेनऊ.

"अगं, साडेचार किलो उर..." काकांच्या तोंडून निघालेच. लेकीने त्यांच्याकडे असे काही पाहिले की त्यांनी स्वतःचाच हात तोंडावर ठेवला.

"उरलेले नाहीत ते," काकू म्हणाल्या. "माझे आहेत. मी रिकामे घेऊन जाणार आहे."

"बरं," काका म्हणाले. ते माझ्याकडे नाही, काकूंकडे बघत होते.

ते दोघे गेले त्याला आज बारा दिवस झाले. मी खुंटीवर शून्यावर उभा आहे आणि घर सामसूम आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू घरात असतील तर त्यांना पुसा, तेलाचे बोट लावा, गंजू देऊ नका. आमच्याकडून वजन जरूर मोजून घ्या. पण आपल्या घरातले कुणी काही न बोलता स्वतःची वस्तू बाजूला काढून ठेवत असेल, तर तबकडीकडे बघत बसू नका. त्या माणसाकडे बघा आणि त्याला काय हवे आहे ते त्यालाच विचारा. पहिल्याच रविवारी विचारा.