तापाची रजा

सकाळी कारखान्यात शिरलं की थोरली सून आधी फाटकाजवळची पाटी बदलायची. 'अपघाताविना दिवस', आणि पुढे खिळ्यावर टांगलेले पत्र्याचे आकडे. मग दिवसभर डब्यांची झाकणं तपासायची. त्या दिवशी तिनं दोनशे बारा लावलं. साथीनं अर्धी माणसं घरी बसवली होती, काही तर कायमची नेली होती, पण पाटीला मात्र चांगलं बाळसं आलं होतं!

त्यातलं गौडबंगाल सगळ्यांना ठाऊक होतं. झाकणं कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणून हात बाहेर राहतात. पण माणसं कमी पडली, तेव्हा साहेबांनी एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलं. एक हात बटणावर, दुसऱ्यानं पत्रा सरकवायचा. दोघांचं काम एकट्यानं. कुणाचं बोट गेलं की हजेरीवहीत 'ताप' लिहायचं आणि त्याला घरी पाठवायचं. साथीत तापाला कोण विचारतंय? असे चौघे जण तापातून उठले, ते एकेक बोट कमी घेऊन. थोरलीनं काय केलं? रोज आकडा वाढवला. आपल्याला काय करायचंय, म्हणाली.

त्याच दुपारी प्रेसवर तिचा धाकटा दीर किंचाळला.

ती धावली. उजव्या हाताची तीन बोटं हातमोज्यासकट तुटून पडली होती. साहेब आले, मास्क हनुवटीवर. आधी स्वतःच्या हातांवर सॅनिटायझर ओतून कोपरापर्यंत चोळलं, मग खाली पाहिलं. "तो मोजा मास्कच्या कचऱ्यात टाका," म्हणाले. शी!

दुसऱ्या दिवशी साहेब फळांची टोपली घेऊन घरी आले. अंतर राखून दारातच उभे राहिले आणि कागद पुढे केला.

"परवापासून ताप होता, घरीच होता, एवढंच लिहिलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ राहिलीय कुठे, साहेब?" थोरली म्हणाली.

"सही कशी करू?" दीर पुटपुटला.

साहेबांनी खिशातून शाईची डबी काढून उंबऱ्यावर ठेवली. "डावा अंगठा शाबूत आहे ना? तोच उठवा. आणि बाई, तुम्ही साक्षीदार."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तरी माणूस मरायची वाट बघतात!

"सूनबाई, कर गं सही," सासूबाई रडत म्हणाल्या. "दोघांच्याही नोकऱ्या जातील. आपल्याच पोटावर पाय देऊ नकोस."

"आणि भाऊजींची भरपाई? तापानं बोटं तुटत नाहीत, आई. आज अंगठा उठवला तर ती पट्टी तशीच राहील. उद्या तिथे दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा उभा राहील." तिनं डबी उचलून टोपलीत टाकली. "न्या ही तुमची फळं."

"उद्या फाटकातून आत कशा येता, तेच बघतो."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात रोजच्यापेक्षा लवकर आली. साहेब पोचायच्या आत तिनं प्रेसवरची चिकटपट्टी ओरबाडून काढली, पाटीवरचे तिन्ही आकडे उतरवले आणि शून्य टांगलं. फाटकाशी ताप मोजायला माणसांची रांग लागली होती. साहेब धावत आले.

"कुणाला विचारून केलंत हे?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रांगेकडे वळून ती म्हणाली, "मीही आजवर गप्पच होते, त्याची लाज वाटते. तुमच्यातल्या कुणाकुणाला असा ताप आला होता? हात वर करा."

सगळे जमिनीकडे बघत होते. मग मागून एक हात वर आला. त्याला चार बोटं होती.