पाण्याची घंटा

चाँदबीनं बाटली ओठांना लावली, प्यायल्यासारखा गळा हलवून दाखवला आणि मॅडमची पाठ वळताच सगळं पाणी लिंबाच्या बुडात ओतून दिलं. तिच्यामागून इरम्मानं ओतलं, मिनाजनं ओतलं. तेरखेड्याच्या माळावरचं गवत करपून गेलं होतं, पण फटाक्याच्या कारखान्यातला हा एकच लिंब नव्या पालवीनं माजला होता.

"हे काय चाललंय?"

वैष्णवी मॅडम मागं वळली होती. बायांनी पटापट टोपणं लावली. चाँदबीनं मात्र बाटली उलटी धरून शेवटचा थेंबही झटकला.

"लिंबाला पाणी घालतोय. त्याची तब्येत बघा की किती सुधारली."

कामगारांचं स्वास्थ्य राखायचं म्हणून मालकानं या पोरीला धाराशिवहून आणलं होतं. आठवड्यातून एकदा तासभर यायची. पहिल्यांदा टाळ्या वाजवून हसायला लावलं. दुसऱ्यांदा खोल श्वास घ्यायला लावलं. फटाक्यांची दारू भरायच्या शेडीसमोर उभं राहून खोल श्वास घ्या म्हणणारी बाई चाँदबीनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मग हसऱ्या सूर्याचं चित्र काढलेल्या बाटल्या आल्या आणि एक पितळी घंटा. दर तासाला ती वाजली की हातातलं काम टाकून बाहेर यायचं आणि पाणी प्यायचं.

"मी तुमच्या भल्यासाठी करतेय, मावशी. तुम्हाला कळतच नाही."

"आमचं भलं आमाला कळंना, आन् तुमाला कळलं व्हय?"

मॅडमचं नाक लाल झालं. "आज दुपारी पुण्याचे खरेदीदार येणारेत. इथल्या बाया कशा राहतात ते बघायला. मी दिवसभर थांबणार आहे. प्रत्येक घंटेला सगळ्यांनी माझ्यासमोर बाटली संपवायची. जी पिणार नाही तिला उद्यापासून शेडीवर घेऊ नका, असं मालकांना सांगणार आहे."

चाँदबीच्या मनात आलं, हिला घंटेसकट हौदात बुडवावी.

पाणी ओतून द्यायचं कारण साधं होतं. बायांचा संडास शेडींच्या मागं होता, त्याला कुलूप होतं आणि किल्ली हपिसात युवराजच्या टेबलामागच्या खिळ्याला. युवराज मालकाचा भाचा, कारखान्याचा सुपरवायझर. बाया तिकडं जाऊन वेळ काढतात, म्हणून त्यानंच कुलूप घातलेलं. किल्ली शेडीत राहू द्या म्हटलं की तो बोट नाचवून नियम दाखवायचा. दारूच्या शेडीत लोखंड चालत नाही. नियम खोटा नव्हता, तीच तर पंचाईत होती. बाया साडीच्या पिना आणि घराच्या चाव्यासुद्धा बाहेर फळीवर ठेवूनच आत भुईनळे भरायला बसायच्या. ठिणगी काय करते ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

म्हणून जायचं झालं की हपिसात जायचं. तिथं गाडी भरणारे हमाल बिड्या न ओढता नुसत्याच कानाला लावून बसलेले असायचे. त्यांच्यादेखत किल्ली मागायची, आणि युवराजनं काहीतरी टाकून बोललेलं ऐकायचं. त्यापेक्षा बाया सकाळपासून घोटभरही पाणी पीत नसत. घरी जाईपर्यंत कळ काढायची, हाच इथला रिवाज पडून गेला होता.

चाँदबीला तो भोवला. गेल्या महिन्यात उन्हाळी लागली, थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, एक किडनी सुजलीय. भरपूर पाणी प्या, लघवी अडवू नका, नाहीतर ती हातची जाईल. चाँदबीनं मान डोलावली. पाणी आपल्या हातात आहे, किल्ली नाही, हे डॉक्टरला काय सांगणार? आणि ज्या पोरीला इतके दिवस येऊन ते कुलूप दिसलं नाही, तिला तरी कशाला सांगायचं? सांगितलं तर तीही टाळ्या वाजवून हसायला लावील.

पुढच्या घंटेला मॅडम समोर उभी राहिली. स्वतःची बाटली उघडून घटाघट प्यायली.

"बघा, मीपण पिते. चला."

बाया प्यायल्या. त्याच्या पुढच्या घंटेलाही प्यायल्या. मिनाज तर रडकुंडीला आली. चाँदबी दारूच्या पाटीसमोर मांडी घट्ट आवळून बसली, तरी ओटीपोटात सुरी फिरवल्यासारखं व्हायला लागलं. कागदी नळी तिच्या हातातून दोनदा निसटली. शेवटी ती उठली. आज युवराज काय बोलायचं ते बोलू दे.

हपिसाच्या दारापर्यंत ती पोचली आणि थबकली. आत तिच्याआधी वैष्णवी मॅडम उभी होती.

"ती मागची... किल्ली हवी होती."

युवराजनं खिळ्यावरची किल्ली काढली, पण दिली नाही. दोरीला धरून बोटाभोवती गरगर फिरवत राहिला.

"काय मॅडम, तुमीबी? लोकांना पाजता पाजता सवताचाच कालवा फुटला म्हणा की!"

हमाल खदखदून हसले. एकानं मांडीवर थाप मारली.

"घ्या, घ्या. लाजायचं काय त्यात? पर लवकर या, मी घड्याळ लावून बसतोय."

मॅडमचा पुढं झालेला हात मागं आला. "नको. पाहुणे किती वाजता येणार, तेवढंच विचारायचं होतं," असं म्हणून ती बाहेर पडली. चाँदबीच्या अंगावरूनच गेली, पण तिच्याकडे बघितलं नाही. लिंबाखाली जाऊन उभी राहिली. मग हातातल्या बाटलीचं टोपण फिरवून तिनं उरलेलं पाणी बुडात ओतून टाकलं.

बरी जिरली, चाँदबीला वाटलं. तिला हसायचंही होतं. पण हसू वर येताच खालून अशी कळ आली की तिनं दाराची चौकट धरली.

मग ती आत गेली.

"काय गं चाँदबी, तूबी? आज पूर आलाय वाटतं गावाला."

"आलाय," चाँदबी म्हणाली आणि त्याच्या बोटातून किल्ली हिसकून घेतली.

ती संडासाकडून परत आली तेव्हा तिच्या उजव्या मुठीत कुलूप होतं आणि कुलपात किल्ली. शेडीच्या दाराशी आग विझवायचा लाल रंगाचा हौद होता, काठोकाठ भरलेला. हौदाशेजारीच मॅडम घंटा हातात घेऊन उभी होती. चाँदबीनं हौदावर हात नेला आणि मूठ उघडली. डुबुक झालं. मॅडमनं पाण्याकडे पाहिलं, मग चाँदबीकडे. चाँदबीनं नजर हटवली नाही. सांग आता मालकाला, असंच त्या नजरेत होतं.

तेवढ्यात शेडीमागून युवराज तणतणत आला.

"किल्ली कुठंय?"

"लोखंड हाय ते," चाँदबी म्हणाली. "शेडीत कसं न्यावं? तुमचाच नियम हाय."

"मग टाकली कुठं? आन् कुलूपबी न्हाय तिथं! मॅडम, तुम्ही इथंच होता ना? हिनं काय केलं बघितलं का?"

हौदातलं पाणी अजून थोडं हलत होतं. मॅडमनं एकदा तिकडं बघितलं.

"माझी पाण्याची वेळ झालीय," ती म्हणाली आणि घंटा वाजवायला लागली. युवराज काहीतरी ओरडत होता, पण पितळेचा आवाज मोठा होता आणि ती थांबेचना.

बाया बाहेर आल्या, एकमेकींकडे बघत राहिल्या. चाँदबीनं पुन्हा भरलेली बाटली उचलली, तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत खरोखर प्यायली. मग इरम्मा प्यायली. मग मिनाज.

मॅडमनं घंटा खाली ठेवली. युवराजच्या समोरून, कुणाला काही न विचारता, ती शेडीमागच्या वाटेनं निघाली.

चाँदबी तिच्या पाठमोऱ्या आकृतीवर ओरडली, "ओ मॅडम! आत बादली रिकामी हाय. येताना भरून ठिवा!"