अचाट कुटुंबाचं चौदावं पान

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्यासमोर टेबलावर चित्रकथेचा एक अंक आहे. पन्नास मुलांनी तो वाचून परत आणला आहे. त्यातली गोष्ट न वाचता तुम्हाला सांगायचं आहे, की मुलांना कोणतं पान सगळ्यांत जास्त आवडलं. कसं सांगाल?

भगवंतराव सांगायचे. त्या दिवशीही ते त्याच कामात होते. खिडकीच्या उजेडात अंक तिरपा धरून नवव्या पानावरचा भज्याचा तेलकट डाग न्याहाळत होते. तेवढ्यात टेबलापलीकडून आवाज आला.

"गुर्जी, मोठी आई काशीले काहून धाडली?"

भगवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. अकरा वर्षांची इंदू उभी होती. दोन घट्ट वेण्या, निळा फ्रॉक, आणि हातात महिन्याभरापूर्वीचं साप्ताहिक.

"कुणाची मोठी आई, बेटा?"

"अचाट कुटुंबातली. आन् तुमीच धाडली. हे पाहा, इथं लिवलं हाय."

ही बासष्ट सालची गोष्ट. अमरावतीच्या राजापेठेत एक वाचनालय होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत मुलांचा विभाग. भगवंतराव तो सांभाळायचे. आधी बारा वर्षं ते शाळेत मास्तर होते. घसा बसला, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचेना, म्हणून ते इथे आले. पुस्तकांजवळ मोठ्यानं बोलावं लागत नाही. तेव्हापासून एकच टेबल, एकच खिडकी, व्हरांड्यात पाण्याचा रांजण. गावात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. पण एक काम त्यांच्याशिवाय दुसरं कुणीच करत नव्हतं. अकोल्याहून दर महिन्याला 'अचाट कुटुंब' नावाची चित्रकथा निघायची, आणि तिच्या प्रत्येक अंकाचं परीक्षण भगवंतराव साप्ताहिकात लिहायचे.

काय कुटुंब होतं ते! बाबा एका हातानं आगगाडीचं इंजिन अडवायचे. आई मनात आलं की ढगांपर्यंत उडायची. जुळी भावंडं वाऱ्याच्या पुढे पळायची. आणि बाबांची थोरली वहिनी, म्हणजे मोठी आई. ती उडत नव्हती, पळत नव्हती, कुणाला ठोसाही मारत नव्हती. ती ज्याला हात लावायची, त्याचं वाळलेपण जायचं. एवढंच.

परीक्षण लिहायची भगवंतरावांची पद्धत मोठी न्यारी होती. ते म्हणत, मोठ्या माणसाला मुलांच्या गोष्टीतलं काय कळतं? मुलांना विचारावं, तर ती "छान आहे" म्हणून मोकळी होतात. पण त्यांची बोटं खोटं बोलत नाहीत. जिथे मन रमतं तिथे पोर थांबतं, आणि जिथे थांबतं तिथे शाई, तेल, चिंचेचा कोळ, काही ना काही सोडून जातं. म्हणून अंक महिनाभर घरोघर फिरवायचा, परत आला की डाग पाहायचे आणि मग लेखणी उचलायची. तिसऱ्या अंकावर त्यांनी लिहिलं होतं: "बाबा कोसळता पूल खांद्यावर तोलतात, त्या सातव्या पानावर तेलाची पाच बोटं आणि गुळाचा एक चिकट ठसा आहे. लेखकाला याहून मोठं बक्षीस कोणतं?" आठव्या अंकावर: "जुळ्यांची शर्यत लांबली आहे. इथे पानं नुसती उलटली गेली आहेत."

या पद्धतीचा त्यांना अभिमान होता. आयुष्यात स्वतः शोधून काढलेली अशी ही एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती.

अकराव्या अंकाचं परीक्षण इंदूनं आता त्यांच्यासमोर टेबलावर पसरलं आणि बोट ठेवून वाचू लागली. "'चौदाव्या पानावर कथा झोपते. हाणामारी नाही, संवाद नाही. मुलं या पानावर क्षणभरही रेंगाळलेली दिसत नाहीत. मोठ्या आईला आता विश्रांती द्यावी.'" तिनं मान वर केली. "गुर्जी, ते म्हणली होती का तुमाले, का मी थकलो म्हणून?"

भगवंतरावांना हसू आलं. बाराव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत मोठी आई गाठोडं घेऊन काशीयात्रेला निघाली होती, हे त्यांनीही पाहिलं होतं. आपला सल्ला मानला गेला, म्हणून ते थोडे सुखावलेही होते.

"मी नाही म्हणत बेटा, ते पानच म्हणतं." त्यांनी कपाटातून अकरावा अंक काढला आणि चौदावं पान उघडून तिच्यापुढे धरलं. दुष्काळी गावातली कोरडी विहीर. मोठ्या आईनं विहिरीच्या काठाच्या दगडावर तळहात टेकवला आहे आणि पाणी काठोकाठ वर आलं आहे. खाली सगळं गाव एकाच बादलीतून पाणी पीत आहे. पानावर शब्द एकही नव्हता, आणि डागही नव्हता. "पाहा. तेराव्यावर केवढे डाग आहेत. पंधराव्यावर तर विचारू नको. आणि हे कसं आहे? जसं छापखान्यातून आलं तसं."

इंदू पानाकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हंजे जो भजे खाऊन पान उलटते, त्याचंच मत तुमी धरता?"

भगवंतरावांनी पुन्हा चौदाव्या पानाकडे पाहिलं.

"आमच्या घरी हात धुतल्याबिगर माही आई पुस्तकाले हात लावू देत नाई. माहे नाई, कोनाचेच हात. ह्या पानावर तं आमी सगळे लय वेळ बसलो होतो गुर्जी! दोनदा, तीनदा पाह्यलं. तुमाले तं काईच दिसलं नाई."

"सगळे म्हणजे किती?"

"येऊन पाहा ना."

रविवारी दुपारी भगवंतराव खरंच गेले. सहा वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या कुटुंबांची ती वस्ती वाचनालयापासून पायी पंधरा मिनिटांवर होती. एवढ्या वर्षांत ते तिकडे कधी फिरकले नव्हते. इंदूच्या दारासमोर एक बादली भरून ठेवली होती आणि तिच्यापुढे पोरांची रांग लागली होती. प्रत्येक जण हात धुवायचा, झटकायचा, उन्हात उलटे-पालटे करून वाळवायचा, आणि मगच ओट्यावर जागा पकडायचा. लहानग्यांना कडेवर घेतलेल्या दोन-तीन बायाही येऊन टेकल्या होत्या.

इंदूची आई चतुराबाई कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होती. गुरुजींना पाहून तिनं पदर सावरला आणि पाट पुढे केला. "बसा गुर्जी. लेकीनं काई उलटंसुलटं बोललं असन तं मनावर घेऊ नका. तोंड चालते तिचं गिरणीवानी."

"बरोबर बोलली ती," भगवंतराव म्हणाले. "बाई, मला एक सांगा. हे हात धुवायचं तुम्ही कशावरून ठरवलं?"

चतुराबाईला प्रश्नच नवलाचा वाटला. तिनं आपले हात पाहिले. नखांच्या कडेला कापसाचे बारीक तंतू अजून चिकटलेले होते. "ठरवलं कायचं गुर्जी! आमच्या घरी पुस्तक लय उशिरा आलं. आता आलं तं मळक्या हातानं कसं धरावं त्याले?"

भगवंतराव पाटावर बसले. इंदूनं बारावा अंक उघडला आणि वाचायला लागली. पानाचा कोपरा दोन बोटांत हलकेच उचलायची, फुलाची पाकळी उचलावी तशी. शेवटच्या चौकटीशी आल्यावर मागून एक पोर ओरडलं, "परत येईन ना वो ते काशीवरून?" सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

घरी परतताना भगवंतरावांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. अकरा अंक, अकरा परीक्षणं. आणि या ओट्यावर बसलेल्यांतलं एकही पोर त्यातल्या एकाही परीक्षणात नव्हतं. अंक नेणाऱ्यांच्या नोंदवहीत त्यांनीच लिहिलेलं फक्त इंदूचं नाव होतं. बोटं खोटं बोलत नाहीत, हे खरंच. पण सगळी बोटं बोलतात, असं त्यांना कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज टाकून सुट्टी घेतली आणि मूर्तिजापूरवरून अकोल्याची एस.टी. पकडली.

'अचाट कुटुंब'चे चित्रकार, लेखक, प्रकाशक सगळं एकटे उत्तमरावच होते. छापखान्याच्या माडीवर त्यांची खोली होती. तिथे शाईचा वास होता आणि दोरीवर कागद वाळत होते. गुरुजी आले म्हणताच त्यांनी खुर्ची पुसून दिली. येण्याचं कारण ऐकलं, तेव्हा मात्र कुंचला खाली ठेवला.

"गुरुजी, तुमीच तं लिवलं, विश्रांती द्या म्हणून. मी देल्ली. अख्ख्या मुलखात माह्या कामाबद्दल लिवणारा एकच मानूस. त्याचं नाही ऐकावं तं कोनाचं ऐकावं? आता म्हणता परत आना."

"माझं चुकलं, उत्तमराव. येत्या अंकात मी तसं छापूनही देणार आहे."

"बापा! टीका करनाऱ्यानं चुकलं म्हणाचं?"

"चुकलं तर म्हणावं. मास्तर होतो मी. फळ्यावर गणित चुकलं, तर पुसून पुन्हा मांडतो आपण."

उत्तमरावांनी तेराव्या अंकाचे तयार ठसे दाखवले. लाकडावर ठोकलेले जस्ताचे पत्रे, त्यांत उलटी कोरलेली चित्रं. मोठी आई कुठेच नव्हती. "हा तं गेला हातचा. पुढच्याचं पाहू. पन गुरुजी, खरं सांगू? मलेही ते बाई आवडे. माही आजी तसाच हात टेकवे काठावर." त्यांनी ठसे पुन्हा रचून ठेवले. "तरी एका पोट्टीसाठी काशीवरून मानूस परत आनता येत नाई. दुकानदार म्हनतात मारामारी वाढवा. ह्या बाईले वाचनारे हायेत, हे दाखवा मले कागदावर. मग पाहू."

कागदावर! भगवंतराव परतीच्या गाडीत ह्याच शब्दाशी थांबले. इतके महिने ते दुसऱ्यांच्या बोटांचे डाग वाचत आले होते. आपण कुणाला कागद आणि पेन्सिल कधी दिलीच नाही, हे त्यांना आता सुचलं.

त्या आठवड्यात साप्ताहिकात त्यांचा मजकूर आला. "अकराव्या अंकाच्या परीक्षणात माझी चूक झाली. चौदावं पान मुलांनी वाचलं होतं. हात धुऊन वाचलं होतं. मी फक्त न धुतलेले हात मोजले. यापुढे डागांवरून परीक्षण लिहिणार नाही." खाली त्यांनी पहिल्यांदाच आपलं पूर्ण नाव दिलं. आणि प्रत्येक अंकात एक कोरी चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. वाचलं असेल त्यानं नाव लिहावं, आवडलेल्या पानाचा आकडा लिहावा.

अकरावा अंक त्यांनी पुन्हा इंदूच्या हाती दिला. तो आठ दिवसांनी परत आला.

चिठ्ठी पुरली नव्हती. इंदूनं वहीचं पान फाडून तिला सुईदोऱ्यानं टाचलं होतं. चौतीस नावं. धर्मपाल, बुधाजी, मनकर्णा, आणखी कोण कोण. कुणाचं गिचमिड, कुणाचं रेघ सोडून आभाळात गेलेलं. बहुतेकांपुढे चौदाचा आकडा. सगळ्यांत खाली एक नाव मोठमोठ्या अक्षरांत होतं. पेन्सिल इतकी दाबली होती, की कागद पलीकडे फाटला होता. चतुरा.

"आई अंगठा लावतो म्हणत होती," इंदू म्हणाली. "मी नाई लावू देल्ला. म्हटलं, हा काय सावकाराचा कागद हाय? पाच दिवस लागले तिले. 'च' जमे, 'तु' जमे, 'रा' काई जमे ना. रोज कामावरून आली का गिरवे."

भगवंतरावांनी चिठ्ठी उजेडात धरली. सवयीनं तिरपीच धरली. मग सरळ केली आणि वाचली. एकेक नाव, वरपासून खालपर्यंत. संध्याकाळच्या टपालानं ती अकोल्याला गेली.

तेराव्या अंकात मोठी आई नव्हती. चौदाव्यातही नव्हती. दोन्ही वेळा इंदूनं अंक एकाच दिवसात परत आणला आणि चिठ्ठ्या कोऱ्याच ठेवल्या.

पंधराव्या अंकाचं पुडकं आलं, तेव्हा त्यांनी दोरी सोडली आणि वरचा अंक टेबलावर ठेवला. उघडला नाही. मुखपृष्ठावर बाबा इंजिन उचलून उभे होते आणि आई ढगात होती. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, धुळीच्या वाटेवर, गाठोडं डोक्यावर घेतलेली एक पाठमोरी बाई घराकडे चालत होती. चेहरा दिसत नव्हता. एक हात मात्र थोडा पुढे झालेला होता, दाराला टेकवायला निघाल्यासारखा.

शाळा सुटल्यावर इंदू आली. दारातूनच तिला मुखपृष्ठ दिसलं. ती तिथेच थांबली.

आता बाळांनो, तुम्हाला वाटेल, ती धावत येऊन अंकावर झडप घालेल. तुम्ही घातली असती. मीही घातली असती.

इंदू मागे वळली. व्हरांड्यातल्या रांजणातून तिनं गडवाभर पाणी घेतलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग टेबलाशी येऊन, चित्र नीट पाहायला वाकली, तेव्हा तिचा ओला तळहात टेबलाच्या कडेवर टेकला.

"उघड की," भगवंतराव म्हणाले.

"इथं नाई गुर्जी. आईसंग पाह्यतो."

तिनं हात फ्रॉकला कोरडे केले आणि वह्या गुंडाळायच्या स्वच्छ फडक्यात अंक ठेवला. वळता वळता तिचं लक्ष टेबलाच्या कडेकडे गेलं. तिथे तिच्या ओल्या बोटांचे ठसे उमटले होते. भगवंतराव त्यांच्याचकडे पाहत होते. इंदूनं फ्रॉकच्या टोकानं ते पुसून टाकले, आणि नोंदवही स्वतःकडे ओढून घेऊन तिथल्या पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं.