बाटलीतलं पाणी

संतराम गवंड्यानं प्रतिक्षाला विचारलं होतं ते एवढंच, "म्याडम, पाणी काँक्रीटातून आलं, का कडंनं?"

प्रतिक्षा हिंगोलीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत काँक्रीट तपासायची. बाळापूरकडच्या आपल्याच गावात संतरामनं पाण्याची टाकी बांधली होती आणि त्या टाकीच्या भिंतीतून कापलेले दोन गोल तुकडे प्रतिक्षाकडे तपासायला आले होते. तुकडा लोखंडी डब्यात बसवायचा, कडेची फट राळ घातलेलं मेण ओतून बुजवायची आणि वरून दाबानं पाणी सोडायचं. काँक्रीट झिरपत असेल तर खालच्या बाटलीत पाणी उतरतं. सगळी गोम त्या मेणात. मे महिन्यात हिंगोलीत माणूस वितळतो, तिथे मेणाची काय कथा. म्हणून आधी तुकड्यावर थोडं पाणी ठेवून खालून हवा भरायची आणि फट नीट बुजलीय का ते बघायचं असतं; कडेनं बुडबुडे आले तर फट राहिली. त्या दिवशी नेमकी लाईट गेली, हवेचा पंप बंद पडला आणि साहेबांनी रिपोर्टचा घोशा लावला. लाईट आली तशी प्रतिक्षानं सरळ पाणीच सोडलं. कागदावर मात्र 'मेण तपासले, बरोबर' असं लिहून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी बाटली अर्धी भरली होती.

संतरामचा प्रश्न ऐकून तिला रागच आला. डिप्लोमा कुणी केलाय, यानं का मी? "मशीन खोटं बोलत नाही मामा," ती म्हणाली. त्यानं टोपी सारखी केली आणि बस धरायला निघून गेला. पुढे टाकी पाडायचा हुकूम निघाला. ठेकेदारानं संतरामला कामावरून काढलं, ते पुन्हा बोलावलंच नाही.

दिवाळीच्या आधी कपाट आवरताना दुसरा तुकडा तिच्या हाती लागला. फेकून दिला असता तर निभावलं असतं. पण तो प्रश्न इतके महिने तिच्या डोक्यात रुतून बसला होता. तिनं तुकडा डब्यात बसवला, हवा भरली, तर कडेनं बुडबुडे. मेण काढून पुन्हा ओतलं. पुन्हा बुडबुडे. तिसऱ्यांदा फट बुजली, तेव्हा कुठे तिनं पाणी सोडलं. पाच दिवसांनी बाटलीत बोट घालून बघितलं. कोरडी ठक्क.

रविवारी ती संतरामच्या गावी गेली. संतराम शेळ्या चारत होता. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं, मेणाचं, लाईटीचं, त्या खोट्या ओळीचं. सांगताना तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"टाकी पाडाया चार दिवस धरले व्हते," तो शांतपणे म्हणाला. "पंधरा लागले. फोडायच्या मशीनची टोकं मोडून राहिली व्हती. तवाच समद्या गावाला कळलं."

"मग कुणी तक्रार काहून नाही केली मामा?"

"लोक निघालेच व्हते. म्याच न्हाई म्हनलं." त्यानं एका शेळीला हाकारलं. "म्हनलं, पोरीनं बराबर बघितलं असंल. उगं तिच्या नोकरीवर काहून उठता?"