तबकडीवरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. हल्ली माळ्यावर मोडक्या छत्र्यांशेजारी पडून असतो. माझ्या तबकडीच्या एका भोकात छोटे पितळी कुलूप अजून अडकलेले आहे. ते चोरांसाठी नव्हते. ते घरच्या मालकांसाठी होते, आणि त्यांनीच ते आणले होते.

कारखान्यात माझ्या घंटेची फार वाहवा झाली होती. घरी आलो तेव्हा मालकांनी माझा एकेक स्क्रू पुन्हा आवळला; टेलिफोन दुरुस्त करणे हाच त्यांचा पेशा. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत. त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढायची होती. कोपऱ्यावरची, उत्तरेला खिडकी असलेली खोली त्यांनी मनात धरून ठेवली होती. त्यासाठी दोघे पगारातून थोडे थोडे शेअर घेत. काचनळ्या आणि औषधे बनवणाऱ्या कंपन्या बाईंनी अहवाल वाचून निवडल्या. पंधराएक वर्षे हात लावायचा नाही, असे ठरले.

पण शेअर बाजार जरा घसरला की दलालाला फोन करून सगळे विकायला मालक माझ्याभोवती घुटमळत. एक दिवस ते कुलूप घेऊन आले.

"किल्ली तुझ्याकडे ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही."

"माझा आहे," बाई हसून म्हणाल्या. तरी किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली.

मग बाजार खरोखरच कोसळला. रोज नवा खड्डा. जेवताना मालकांचा घास हातातच राही.

"अहो, नळ्या आम्हाला मागच्या महिन्यात लागल्या तेवढ्याच आजही लागल्या," बाई समजावत. "माणसं आजारी पडायची थांबलीत का? मग कंपनी कशी बुडेल?"

मालक मान डोलवत. पण कुलूप बाहेर जाणाऱ्या फोनला होते. आत येणाऱ्या भीतीला नव्हते. एका दुपारी बाई कामावर असताना मालकांच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, सगळे विकून मोकळे झाले. तू काय अंडी उबवत बसलायस?"

मालकांनी रिसीव्हर ठेवला. मग रिसीव्हर पुन्हा उचलून, तो ठेवायची खुंटी बोटाने दाबू लागले. तीन टिचक्या, थांबणे, सात टिचक्या, थांबणे. तबकडी न फिरवताही माझ्यावरून नंबर लागतो, मित्रांनो. दुरुस्तीवाल्यांना ते ठाऊक असते. पलीकडे दलाल बोलू लागला, आणि मालक म्हणाले, "सगळे काढून टाका. मिळेल त्या भावाने."

संध्याकाळी दलालाचा फोन बाईंनी घेतला. "वहिनी, झालं बरं का विकून. सुटलात!"

बाईंनी वाकून कुलूप पाहिले. ते जागच्या जागी होते.

"लावलात कसा फोन?"

"खुंटीवर टिचक्या मारूनही लागतो."

"मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं? किल्ली दिलीत तेव्हाही?"

बाईंनी पर्समधून किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि भाजी चिरायला बसल्या.

पुढे बाजार सावरला, मग पूर्वीपेक्षाही वर गेला. नळ्यांची कंपनी तर कुठल्या कुठे पोहोचली. कोपऱ्यावरच्या खोलीत शिंप्याचे दुकान आले. बाई दुसऱ्याच्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या; निरोपाला त्यांना भिंतीवरचे घड्याळ मिळाले. मालकांनी मोबाइल घेतला. आता ते घासागणिक त्यावर भाव बघतात आणि मोबाइललाच शिव्या देतात. कुलूप काढायला मात्र त्यांचा हात कधी माझ्याकडे आला नाही. मला तसेच माळ्यावर टाकले.

मित्रांनो, बाजार पुन्हा कोसळेल. तेव्हा कोणी कानाशी लागून घाबरवेलच. शांत बसणे जमत नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवून किल्ली घेतली, त्याच्या पाठीमागे खुंटी वाजवू नका.